तंबूला जागा द्या, पावती फाडा

रेवसपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावरील सर्व सरपंचांना,



मी पुण्याहून लिहिते आहे. दिवाळी आटोपली, हवा जरा कोरडी झाली की गाडीच्या टपावर तंबू बांधून ताम्हिणी उतरणाऱ्या आणि किनाऱ्याने दक्षिणेकडे निघणाऱ्या मंडळींपैकी मी एक. आमच्याबद्दल तुमच्या गावांत काय बोलतात ते कानांवर आहे. बाटल्या फोडतात, रात्री गाणी लावतात, कुंपणाची लाकडं जाळतात. त्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून वाद घालत नाही. मागणं एकच आहे. तुमच्या गावात तंबू ठोकायला एक ठरलेली, राखलेली, पैसे घेऊन दिलेली जागा असू द्या. वाळूवर नको, वाळूच्या मागे.

हे पत्र पर्यटनमंत्र्यांना का नाही, असं कोणी विचारेल. मुंबईत धोरणं झालीच आहेत. २०२० साली किनाऱ्यावरच्या शॅकचं धोरण आलं आणि प्रायोगिक म्हणून आठ किनारे निवडले गेले. त्याच वर्षी कृषी पर्यटनाचं धोरण आलं. २०२१ मध्ये कॅरावॅनचंही आलं, म्हणजे ज्यांच्याकडे चाकांवरचं घर आहे त्यांचा विचार झाला. अडीच किलोचा तंबू घेऊन येणाऱ्याचा विचार यात फारसा कुठे दिसत नाही. आणि धोरण काहीही असो, संध्याकाळी सहा वाजता गाडी येऊन उभी राहते ती तुमच्या गावच्या शेवटच्या घरापाशी. त्या वेळी ‘इथे नको, तिथे लावा’ हे सांगायला जो माणूस हवा, तो मंत्रालयातून येणार नाही.

आमचा बेत कसा ठरतो ते आधी सांगते, कारण तुमच्या गावात आम्ही कधी आणि कोणत्या अवस्थेत पोचतो ते त्यावरून कळेल. नकाशावर रेवस ते रेडी हे अंतर जेमतेम पाचशे किलोमीटरचं. महामार्गाच्या हिशेबाने एका लांबलचक दिवसाचं काम. पण या रस्त्यावर किलोमीटर मोजून काही उपयोग नसतो, खाड्या मोजाव्या लागतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, असे चार वेळा गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. बोट चुकली की तास गेला. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळाने हिरवा झालेला असतो आणि खाली टेकलेली गाडी पोट घासत बोटीत चढते. बोट टाळायची तर दाभोळहून पार चिपळूणला वळसा. मधले रस्ते एका गाडीचे, वळणावर समोरून एसटी आली की कोणीतरी मागे जायचं. म्हणून दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच्या वर बेत करू नये, असं मी नव्याने निघणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एक खाडी ओलांडावी, जेवावं, पुढच्या खाडीच्या अलीकडे मुक्काम करावा.

तरी होतं असं, की जी मंडळी पहिल्यांदा निघतात ती दिवसाला दोन खाड्या धरतात आणि तुमच्या गावात तिन्हीसांजेला पोचतात. दमलेली, भुकेलेली, पोरं रडवेली. उजेड असेपर्यंत तंबू उभा करायची घाई असते. गाव बघायला, कोणाला विचारायला वेळ नसतो. समोर मोकळी वाळू दिसते आणि गाडी तिकडे वळते.

आता समुद्राचा खेळ बघा. तुम्हाला तो पाठ आहे, आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही. चांदण्यात राहायला मिळावं म्हणून लोक मुद्दाम पौर्णिमा धरून येतात. कोकणच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमाराला लागते, म्हणजे ओहोटी नेमकी सूर्यास्ताच्या आगेमागे. पाहुणा येतो तेव्हा पुळण सर्वांत रुंद असते. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट, गाडी सहज धावते. तो गाडी खाली उतरवतो, तंबू पाण्यापासून ‘चांगला लांब’ लावतो आणि झोपतो. उधाणाची भरती असते. त्यातून थंडीच्या महिन्यांत रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा मोठी. बारा वाजता पाणी सुरूच्या बनाला टेकलेलं असतं. किनाऱ्यावर रुतलेली, लाटांत अर्धी बुडालेली गाडी आणि ती ओढायला आलेला गावचा ट्रॅक्टर, ही बातमी दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गावातून येतेच. गाडीवाला बेअक्कल होता असं सगळे म्हणतात. पण त्याने जी पुळण पाहिली ती खरोखरच रुंद होती. ती सहा तासांनी कुठे असेल हे त्याला सांगणारं तिथे काहीही नव्हतं.

आणि सांगणं किती सोपं आहे! गुहागर तालुक्यातल्या एका गावात जाळं विणत बसलेल्या आजोबांनी मला ते हिशेबासकट दिलं. मी फोनवर भरतीचं वेळापत्रक शोधत होते आणि रेंज नव्हती. आजोबांनी मान वर न करता विचारलं, “आज तिथी काय?” मी म्हटलं, षष्ठी. “मग सहाच्या पाऊणपट किती?” साडेचार. “साडेचाराला भरती. पुढे सहा तासांनी सुकती.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. गावागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण तंबू कुठे लावावा हे ठरवायला इतकी अचूकता पुष्कळ झाली. भरती रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकते, हेही त्यातच आलं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही. मी आता बेत आखताना सुट्ट्यांच्या यादीआधी कालनिर्णय उघडते आणि मुक्काम सप्तमी ते दशमीत बसवते. चांदणं निम्मं मिळतं, झोप पुरी मिळते.

हा हिशेब तुमच्या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे. तो किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एका फळ्यावर यायला काय हरकत आहे? आजची तिथी, रात्रीच्या भरतीची वेळ, आणि ‘गाडी इथून पुढे नेऊ नये’. रोज सकाळी खडूने दोन आकडे बदलायचे. शाळेतली पोरं हौसेने करतील. ‘समुद्रात पोहणे धोकादायक’ असे रंगवलेले फलक सगळीकडे आहेत. ते वर्षभर तेच सांगतात, म्हणून कोणी वाचत नाही.

वाळूवर तंबू नको म्हणते त्याचं कारण नुसती भरती नाही. ती वाळू मोकळी दिसते, पण रिकामी नसते. मालवणच्या उत्तरेला एका पुळणीवर आम्ही तंबूची पिशवी उघडली होती तेवढ्यात एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालत आल्या. “खयसून इलात?” पुण्याहून. “हयसर नको हां. सकाळी हयसर रापण लागतली.” आम्ही सुरूच्या मागे सरकलो. उजाडलं तेव्हा कळलं की त्यांनी आमच्यावर केवढे उपकार केले. जिथे आमचा तंबू असता, बरोबर तिथून माणसांची एक रांग दोर कमरेला लावून मागे मागे सरत होती आणि तशीच दुसरी रांग खाली दूरवर. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येत होत्या. म्हातारी माणसं होती, शाळकरी मुलं होती. जाळं वर आलं तेव्हा वाटे पडले, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. त्या जागी दहा तंबू उभे असते तर त्या दिवशी रापण कुठे लागली असती? आणि तंबूवाल्यांना उठवायला गेलेल्या माणसाशी भांडण झालं असतं ते निराळंच.

कासवांचं तर याहून नाजूक आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, रात्री येतात. आमचा हंगाम नेमका तोच, आणि शेकोटीची वेळही तीच. उजेड, हालचाल दिसली की मादी अंडी न घालता परत फिरते. पिल्लं बाहेर पडतात ती पाण्यावरच्या उजेडाकडे जाण्यासाठी घडलेली असतात. मागे दिवे असले की ती उलट्या दिशेने, गावाकडे चालू लागतात. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी, माडबन, वायंगणी अशा गावांनी घरटी राखायला जी मेहनत घेतली आहे ती आमच्या एका कंदिलाने वाया जाऊ नये. अशा किनाऱ्यांवर तंबूला साफ बंदी घाला. आम्हाला राग येणार नाही, फक्त ते आधी कळू द्या आणि कुठे राहायचं ते सांगा.

वेळासचं नाव घेतलंच आहे तर थोडं थांबते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने तिथे २००२ च्या सुमाराला कासवांचं काम सुरू केलं, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. त्या गावात मोठं हॉटेल नाही. लोक गावकऱ्यांच्या घरी राहतात, पडवीत झोपतात, घरच्या बाईने केलेलं जेवतात आणि पैसे त्या घरात जातात. गाव ठरवतं की किनाऱ्यावर किती वाजता जायचं आणि कुठे उभं राहायचं. शहरी माणूस ते निमूट ऐकतो. तुमच्यातल्या कित्येकांना वाटतं की पुण्या-मुंबईची माणसं ऐकत नाहीत. ती ऐकतात. नियम आधी सांगितलेला हवा आणि सांगणारा माणूस यजमान हवा.

तर जागा कुठली? किनाऱ्यालगतची बरीचशी जमीन ग्रामपंचायतीची नसते, सुरूचं बन बहुतेक ठिकाणी वन खात्याकडे असतं, हे मला माहीत आहे. म्हणून मी बनातलीही जागा मागत नाही. सुरूच्या सुया वाळल्या की ठिणगीसरशी पेटतात, तिथे चूल नकोच. मर्यादवेल जिथे सुरू होते तिथून समुद्राकडे तर एकही खुंटी नको. ती वेल वाळू धरून ठेवते, आणि किनारा किती झपाट्याने खचतो हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? मला दिसते ती जागा त्याच्याही मागे, कोणाच्या तरी वाडीच्या कडेला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यात वाड्याच्या वाड्या झोपल्या. नारळ लावला तर उत्पन्नाला सहा-सात वर्षं जातात. तोवर त्या मोकळ्या तुकड्यावर हिवाळ्यात चार तंबू उभे राहिले तर मालकाला रोख पैसा दिसेल.

वाडीची जमीन तंबूला वाळूपेक्षा बरीही असते. वाळूत खुंटी धरत नाही. पिशवीत वाळू भरून, तिला दोर बांधून हातभर खोल पुरावी लागते. वर कातळावर खुंटी शिरतच नाही, चिऱ्यांना दोर गुंडाळावे लागतात. वाडीच्या मातीत दोन ठोक्यांत काम होतं. शिवाय वारा. संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून येतो आणि दार समुद्राकडे केलं की अंथरुणात मूठभर रेती. मध्यरात्रीनंतर मतलई वारा सुटतो, तो जमिनीकडून, गार. झाडांच्या आडोशाला दोन्हींचा जोर मोडतो. एक मात्र मालकाने स्वतः उभं राहून दाखवायचं: कुठल्या माडाखाली तंबू नको. तयार नारळ किंवा सुकलेली झावळ वरून आली तर कापडाने काय अडणार? तसंच फुरशाचं. रत्नागिरी, देवगडच्या बाजूला फुरसं किती आहे हे शहरातल्या माणसाला सांगूनही पटत नाही. चपला तंबूबाहेर उलट्या ठेवा, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे त्या फळ्यावर तिसऱ्या ओळीत लिहून टाका.

आता जे बोलायला सगळे संकोचतात ते. शौचालय. बायकांचा कोकणचा बेत यावर ठरतो किंवा मोडतो. आमच्याबरोबरच्या बायका दुपारी चारनंतर पाणी पीत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे? एका गावात पर्यटकांसाठी बांधलेलं शौचालय होतं, फरशी गुळगुळीत, दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते रत्नागिरीला गेलेले. शेवटी समोरच्या घरातल्या काकूंनी स्वतःचं दार उघडलं. पैसे घेईनात, वर चहा दिला. मला तो चहा गोड लागला, पण त्यांच्या घरात रात्री नऊ वाजता सात अनोळखी माणसांची रांग लागावी हे काही बरं नव्हे. २०१९ च्या सागरी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत तात्पुरती शौचालयं, कपडे बदलायच्या खोल्या, पिण्याचं पाणी अशा सोयींना भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर सोडून वाव ठेवला आहे. परवानगी घ्यावी लागेल, खेटे पडतील. पण वाडीतच जागा असेल तर वाडीच्या मालकाचं शौचालय नि विहीर आहेच. पाणी आणि दोन स्वच्छ दारं, एवढं असलं की तुम्ही मागाल ते पैसे आम्ही देतो. तुमच्या फरशीचा रंग कोणी बघत नाही.

पैशांबद्दल मोकळं बोलते. माणशी दीडशे-दोनशे रुपये रात्रीचे घ्या, गाडीचे वेगळे घ्या, आणि तंबूमागे हजार रुपये अनामत ठेवून घ्या. सकाळी कचऱ्याची पिशवी दाखवली की अनामत परत. बाटल्यांचा प्रश्न यापेक्षा स्वस्तात सुटेल असं मला वाटत नाही. गोव्याने २०१९ मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं यांवर दंड लावला, एकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये. दंड वसूल करायला पोलीस लागतो, अनामत परत न द्यायला कोणी लागत नाही. गाडीचा नंबर, ओळखपत्र, फोन यांची नोंद पोलीस पाटलांकडे गेली की धिंगाणा घालणारा आपोआप पुढच्या गावाला जातो. पुढच्या गावातही हीच वही असली तर तो घरी जातो.

कित्येक गावांत नाक्यावर स्वच्छता कराची पावती आजही फाडतात. आमची ना नाही. पण पावती दिली म्हणजे काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर पर्यटक ती जकात समजतो आणि कचरा टाकायचा हक्क विकत घेतल्यासारखा वागतो.

हे आत्ताच का, तेही सांगते. खाड्यांवर पूल येऊ घातले आहेत. अंतुलेसाहेबांच्या काळापासून ज्याची चर्चा आहे तो सागरी महामार्ग या ना त्या वेगाने पुरा होईल. पूल झाले की फेरीबोटीची वाट बघत दिघीत किंवा वेसवीत वडापाव खाणारा माणूस थांबायचा बंद होईल. अलिबागहून निघेल तो थेट गोव्यात उतरेल आणि तुमच्या गावातून जाताना काच खाली करणार नाही. जो थांबेल तो मोठ्या रिसॉर्टमध्ये थांबेल, ज्याचा मालक गावचा असेलच असं नाही. तंबूवाला मात्र थांबतो. त्याला संध्याकाळी बर्फ लागतो, अंडी लागतात, भाकरी कोण देईल ते विचारायचं असतं. हर्णेच्या लिलावात घेतलेली सुरमई कोणीतरी तळून द्यायला हवी असते. सकाळी घावणे हवे असतात. त्याचा खर्च लहान असतो, पण तो सगळा चालत जाण्याच्या अंतरातल्या घरांत होतो.

तुमच्यातले काही म्हणतील की अशी जागा केली की गर्दी वाढेल. वाढेल. म्हणूनच जागा मोजकी ठेवा, दहा तंबूंची असेल तर अकरावा परत पाठवा. फोन नंबर जाहीर करा, आम्ही आधी विचारून येऊ. जागा भरली असेल तर अलीकडच्या गावात थांबू. आज परत पाठवायची सोयच नाही, कारण पाठवणारा कोणी नाही आणि पुळण कोणाचीच नाही. ज्या गावांना तंबू नकोच आहेत त्यांनी तसा ठराव करावा, नाक्यावर लावावा. तोही आमच्या उपयोगाचा आहे.

२ ऑक्टोबरला तुमची ग्रामसभा असते. आम्ही निघतो नोव्हेंबरात. विषयपत्रिकेवर पुढील विषय घ्यावा ही विनंती: ‘गावाच्या हद्दीत पर्यटकांच्या तंबूंसाठी भरतीरेषेपासून सुरक्षित अंतरावर जागा निश्चित करणे, इच्छुक वाडीमालकांची नावे मागवणे, दर व अनामत ठरवणे, आणि किनाऱ्याच्या वाटेवर भरतीच्या वेळेचा फळा लावणे.’ चर्चेत कोणी विचारलं की एवढं करून येणार कोण, तर हे पत्र वाचून दाखवा. आम्ही चार घरची मंडळी आहोत, यंदा सप्तमी धरून निघणार आहोत, आणि दाभोळच्या पलीकडचा मुक्काम अजून ठरलेला नाही.



आपली,
पुण्याची एक तंबूवाली